दुसऱ्या नंबरचं गाणं

मंगळवार, ४ मार्च

मावशी,

"माणसाचं सगळ्यात आवडतं गाणं त्याच्या निरोपाला वाजवायचं नसतं, ते गाणं मग घरच्यांकडून कायमचं जातं." आईच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. तुझ्या मांडीवर बसून तुझ्या गळ्यातले मणी फिरवत होते. समोर एक अनोळखी बाई रडत बसल्या होत्या. त्यांचा नवरा गेला होता, स्मशानाला लागून असलेल्या हॉलमध्ये शोकसभा होती, आई पियानो वाजवणार होती आणि तू गाणार होतीस. आईनं त्यांना पाणी दिलं आणि म्हणाली, "आवडतं कुठलं ते कळलं. आता त्यांचं दुसऱ्या नंबरचं गाणं सांगा." बाई रडायच्या थांबल्या आणि विचारात पडल्या. तू माझ्या कानात म्हणालीस, "बघ ठके, तुझी आई रडणाऱ्या माणसाला गणित घालते."

आई गेली हे तुला कळलं असेल. बाबांनी निरोप ठेवला होता. गेल्या गुरुवारी, दवाखान्यात. हृदयाचं निमित्त झालं, फार दिवस पडून राहिली नाही. सगळं साधेपणानं उरकलं. शोकसभा मात्र तेवीस तारखेच्या रविवारी ठेवली आहे, त्याच हॉलमध्ये. न ठेवून चाललंच नसतं. गावात निम्म्या घरांच्या माणसांना तिनं निरोप दिला आहे, आता ती सगळी विचारतात, पियानोवाल्या बाईंचं कधी?

तुझा फोन वाजतो आणि वाजतच राहतो. पत्र निदान दाराच्या फटीतून आत तरी येतं, म्हणून लिहिते आहे.

काम एवढंच आहे. आईचं दुसऱ्या नंबरचं गाणं कुठलं? मला माहीत नाही. पहिल्या नंबरचंही नाही. तिनं आयुष्यभर लोकांना विचारलं आणि तिला विचारायचं आमच्यातल्या एकालाही सुचलं नाही. बहीण म्हणून तुला ठाऊक असेल. बाकी मला काही नको. तू यावंस असंही मी म्हणत नाही.

दवाखान्यात शेवटी तिनं तुझं नाव घेतलं. दोनदा.

तुझी,
ठकी


सोमवार, १० मार्च

मावशी,

उत्तर नाही. ठीक आहे, टपाल हळू असेल असं मी बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "टपाल बरोबर चाललंय. ती हळू आहे."

बाबांनाच आधी विचारून बघितलं. आईचं आवडतं गाणं कुठलं? म्हणाले, "दार लावल्याचा आवाज." मी म्हटलं, बाबा, नीट सांगा. तर म्हणाले, "नीटच सांगतोय. दिवसभर शिकवण्या, संध्याकाळी कुणाची तरी शोकसभा. घरी आली की पायातलं काढायची, दार लावायची आणि म्हणायची, आता कुणी काही वाजवू नका." तुला माहीतच आहेत ते. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, पण लिफ्टचा दोर कुठं घासतोय ते तळमजल्यावर उभं राहून सांगतात.

तरी मी हट्ट सोडला नाही. आईची स्वरलिपीची पानं जेवणाच्या टेबलावर पसरली आणि एकेक गाणं थोडं थोडं वाजवून त्यांना ऐकवलं. माझं वाजवणं तुला आठवत असेल, आईच्या शब्दांत सांगायचं तर 'हिच्या बोटांना चष्मा लागतो'. म्हणूनच बहुतेक मी चष्म्याच्या दुकानात गेले. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलते आणि विचारते, आता बरं दिसतं की आधी बरं होतं? बाबांनाही तेच विचारलं, हे ऐकून आई खुलायची की आधीचं? म्हणाले, "दोन्ही सारखंच. तुझ्या दुकानातही मी असंच सांगतो, म्हणून मला नेहमी चुकीचा नंबर लागतो." मग थोडा वेळ दोघंही हसलो. मग हसलो नाही.

माणसं भेटायला येताहेत. येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारते, आईनं कधी स्वतःच्या आवडीचं काही सांगितलं होतं का? कुणालाच माहीत नाही. पण प्रत्येकजण आपापल्या माणसाचं सांगतो. परवा चौकातल्या शिवणकामवाल्या बाई आल्या. म्हणाल्या, "तुमच्या आईनं मला दुसरं गाणं निवडायला लावलं, तेव्हा राग आला होता हो. पण ह्यांचं पहिलं गाणं राहिलं माझ्याकडे. अजून मशीनवर बसले की म्हणते." आणि आमच्या बोळकांडीत, पायात चपला चढवता चढवता, त्यांनी ते गाणं म्हणून दाखवलं. अख्खं. त्या गेल्यावर बाबांनी विचारलं, "सुरात होतं का गं?" मी म्हटलं, जवळपासही नव्हतं. "मग बरोबर," ते म्हणाले. "मला आवडलं."

हे मी तुला आईची बाजू लावून धरायला लिहितेय असं वाटेल, म्हणून दुसरंही लिहिते. काल दातांचे डॉक्टर आले होते. त्यांच्या धाकट्या भावाच्या वेळी आईनं त्यांनाही असंच दुसऱ्यावर आणलं होतं. चहाचा कप हातात धरून फार सभ्यपणे म्हणाले, "राग नाही, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. त्याला एकच गाणं पाठ होतं. ते आता कुठंही लागतं. गाडीत लागतं, किराणा दुकानात लागतं, आणि दर वेळी मला वाटतं की हे इथं काय करतंय? हे त्याच्याबरोबर जायला हवं होतं." चहा न पिताच कप खाली ठेवला.

तुझंही असंच काहीसं म्हणणं असेल, असं मला त्या कपाकडे बघताना वाटलं. एवढी वर्षं वाटलं नव्हतं.

एका ओळीचं उत्तर दिलंस तरी चालेल. गाण्याचं नाव, बस.

ठकी


शनिवार, १५ मार्च

मावशी,

तुझं कार्ड आलं. बाबांनी ते दारातून उचललं, वाचलं, आणि माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

'ताई नाव घेणाऱ्यातली नव्हती. खोटं लिहू नकोस. गाण्याचं मला विचारू नका. त्या दिवशीही मला कुणी विचारलं नव्हतं.'

खोटंच होतं. तिनं तुझं नाव घेतलं नाही. दवाखान्यात ती बोलली ते सगळं फुटकळ होतं. नर्सच्या चपला करकरतात, त्यांना कुणीतरी तेल लावा. उशी बदला. बाबांना म्हणाली, दाढी करून येत जा, लोक मला सोडून तुम्हालाच दाखल करून घेतील. मी तुझ्याबद्दल लिहिलं कारण पत्रात असं लिहितात, आणि ते खरं असतं तर मला बरं वाटलं असतं. तू एका वाक्यात पकडलंस. बहिणीला बहीण ओळखते, म्हणतात ते उगाच नाही.

आता खरं आहे तेवढंच लिहिते.

काका गेले, तू एकटी पडलीस, त्यांच्या शोकसभेत मी दुसऱ्या रांगेत होते, बाबांच्या शेजारी. तू पियानोजवळ उभी होतीस, अंगावर काळी शाल होती. तू आईला होडीचं गाणं सांगितलं होतंस, घरात सगळ्यांदेखत. "मला दुसरं-बिसरं नको ताई, हेच." तुम्ही दोघी लहानपणी आजीकडून शिकलात ते. काका ते दाढी करताना शिट्टीवर वाजवायचे आणि गालाला कापून घ्यायचे. आई तेव्हा 'बरं' म्हणाली होती. मी ऐकलं होतं.

आणि मग तिनं सुरुवात केली, आणि ते होडीचं नव्हतं. काकांना आवडणारं ते दुसरं होतं, पहाटेचं. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तू आईकडे बघत होतीस. आई पट्ट्यांवरून मान वर करत नव्हती. तुझी ओळ सुरू व्हायची जागा आली आणि गेली. आईनं ती पुन्हा आणली. पुन्हा गेली. तू बाजूच्या दारानं बाहेर पडलीस, आणि आईनं ते गाणं शेवटपर्यंत एकटीनं वाजवलं, कारण हॉल भरलेला होता आणि अर्ध्यात थांबणं तिला येत नव्हतं.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "आधी विचारायचं तरी तिला."

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती."

"मग?"

"मग काय. नवरा गेला, गाणं तरी राहू दे तिच्याकडे."

बाबा म्हणाले, "तिचा नवरा, तिचं गाणं. तू कोण मध्ये?" ते आईशी इतक्या चढ्या आवाजात बोललेले मी तेवढेच ऐकले. आई उठून आत गेली.

हे सगळं तुला ठाऊक असेल किंवा तू ताडलं असशील. ठाऊक नसेल ते पुढचं. त्याकरताच लिहायला बसले आहे.

त्यानंतर आईची रीत बदलली. लोक यायचे, ती दोन्ही नंबर विचारायची, आपलं म्हणणं सांगायची, पण एकदाच. मग म्हणायची, "माझं सांगून झालं. तुमचं माणूस, तुमचं गाणं." कितीतरी जणांनी पहिलंच मागितलं आणि तिनं पहिलंच वाजवलं, एका शब्दानं कुरकुर न करता. आणखी एक. सुरू करण्याआधी ती स्टुलावर अर्धी मागे वळायची आणि घरच्या माणसाकडे बघायची. त्यांनी मान हलवेपर्यंत हात मांडीवरच. लोकांना वाटायचं ही तिची अदब आहे. एकदा एक म्हातारे गृहस्थ समोर बसल्या बसल्या पेंगत होते, तर त्यांच्या सुनेनं त्यांना हलवून जागं करेपर्यंत ती तशीच वळून बसून राहिली. सगळा हॉल वाट बघत होता.

मी तिला एकदा म्हटलं, हे मावशीला कळव ना. एवढं तरी. तर म्हणाली, "कळवून काय? तेव्हा वळून बघायचं होतं, ते राहिलं."

बस, एवढंच. नाव घेतलं नाही, पण हे केलं. प्रत्येक वेळी केलं.

ठकी


बुधवार, १९ मार्च

मावशी,

या वेळी तू पूर्ण पानभर लिहिलंस. मी दुकानात, भिंगांच्या खोलीत दिवा लावून वाचलं. बाहेर एक आजोबा चष्मा घ्यायला थांबले होते, त्यांना आत येऊन म्हणावं लागलं, "ताई, तुमच्याच डोळ्यांना काही झालंय का?"

तू लिहिलंस की आईला दुसऱ्या नंबरचं गाणं नव्हतंच. लहानपणापासून एकच, होडीचं. शाळेत जाताना, भांडी विसळताना, तुला ताप आला की तुझ्या उशाशी. म्हणजे काकांच्या शोकसभेत तिनं स्वतःचंही तेच गाणं बाजूला ठेवलं होतं. आणि मग तू लिहिलंस ते मी कितीदा वाचलं सांगता येत नाही. 'तिला वाटलं वाचवलं. त्या दिवसापासून मी ते एकदाही म्हटलेलं नाही. ओठाशी येतं आणि तिचे हात दिसतात, दुसरंच काही वाजवणारे. न वाजवताही गेलंच ते.'

आईनंही ते पुन्हा वाजवलं नाही, मावशी. घरी नाही, शिकवणीत नाही. मी आत्तापर्यंत समजत होते की तिला ते आवडत नसावं.

बाबा दुकानात आले तेव्हा त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, "म्हणजे नवीन लिफ्ट बसवली, आणि जुनी होईल म्हणून दोघी तिला कुलूप लावून जिना चढत राहिल्या." मग म्हणाले, "डोळे पुसायला काही आहे का गं इथं?" मी त्यांना दुकानातलं भिंगं पुसायचं फडकं दिलं. त्यांनी ते बघितलं, म्हणाले, "हे माझ्या चष्म्यालाही कधी दिलं नाहीस."

मी ठरवलं आहे. रविवारी होडीचंच वाजवणार.

ते माझ्याकडून जाईल, आईचं म्हणणं खरं असेल तर. जाऊ दे. शिवणवाल्या बाईंचं मला पटतं आणि दातांच्या डॉक्टरांचंही पटतं, आणि दोन्ही एकदम कसं पटतं ते विचारू नकोस. पण जे गाणं माझ्याकडे कधी आलंच नाही ते जाण्याची भीती मी कशी बाळगू? मला त्याची चाल तेवढी येते, तीही अर्धवट. शब्द येत नाहीत. आई म्हणायची नाही, तू आमच्याकडे यायची थांबलीस, आणि काका शिट्टीच वाजवायचे.

आईच्या पानांत त्याची स्वरलिपी सापडली नाही. कधी लिहून काढलीच नसावी, बोटांतच होतं. म्हणून ते कानानंच बसवायला कालपासून जेवणाच्या सुट्टीत मी हॉलवर जाते. तिथला चौकीदार मला कुलूप उघडून देतो आणि स्वतः बाहेर जाऊन बसतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, किती समजूतदार. आज म्हणाला, "तसं नाही हो, तुमच्या आईची सवय आहे कानाला, म्हणून बाहेर बसतो." आता थोडं बरं जमतंय. डावा हात अजून अडखळतो. मग एका जागी अडकले आणि पुन्हा पुन्हा तेच करत राहिले, तेव्हा दाराशी येऊन म्हणाला, "सोडा तो तुकडा, पुढं चला. पुढचं चांगलंय." त्याला ते गाणं माहीतही नव्हतं.

रविवारी सुरू करण्याआधी मी मागे वळून बघेन. बाबा मान हलवतील, त्यांचा प्रश्न नाही, ते कशालाही मान हलवतात. पण घरचं माणूस म्हणजे फक्त बाबा नव्हेत. तुझी बहीण गेली आहे. तिच्यासाठी काय वाजावं हे ठरवायचा हक्क माझ्याआधी तुझा आहे. हे तुला कुणीतरी विचारायला हवं. उशीर झाला, पण विचारते आहे. तू 'होडीचं नको' म्हणालीस तर वाजवणार नाही. पहाटेचं म्हणालीस, तर ते वाजवीन. काहीच नको म्हणालीस तर पियानो बंद ठेवीन, आणि लोकांना सांगेन की घरच्यांची तशी इच्छा आहे.

आणि होडीचं चालेल म्हणालीस, तर ते नुसत्या पियानोवर होणार नाही. मी कितीही सराव केला तरी ती नुसती साथ आहे. साथ कुणाची, हा प्रश्न उरतोच.

तू पत्राच्या शेवटी लिहिलंस की तू आता गात नाहीस, आवाज गेला, आणि त्या हॉलमध्ये तू पाऊल ठेवणार नाहीस. मी ते वाचलं आहे. डोळ्यांचंच काम करते मी, ओळ सुटली नाही. बाबा म्हणतात, "विचारू नकोस, नाहीच म्हणेल, आणि वर तुलाच वाईट वाटेल." मलाही तसंच वाटतं. तुझ्या जागी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं.

पण पूर्वी तू काळी पाचच्या पट्टीत गायचीस. त्यानंतर इतकी वर्षं गेली, आवाज खाली उतरला असेल. आईला कुणी ऐन वेळी पट्टी बदलायला सांगितली तरी ती हसत हसत बदलायची. मला ते येत नाही. मला आधीपासून बोटं बसवावी लागतात, आणि हातात तीन दुपारी उरल्यात. उत्तराचं पत्र आता वेळेत पोचणार नाही. तेव्हा एकदा फोन कर. बोलायचं नसेल तर बोलू नकोस, कशी आहेस वगैरे मीही विचारणार नाही. फक्त सांग, कुठल्या पट्टीत वाजवू?

तुझी,
ठकी